सासरचा आणि माहेरचा
तिने तोंड उघडायच्या आतच नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला, "सासरचा आलाय गं."

झालं! एका श्वासाने तिचा नंबर हुकला. डॉक्टरांच्या लेखी दोघांनाही एकच आजार, डिप्रेशन. घरात मात्र त्याला पाहुणा म्हणायचे. तिला आलं की माहेरचा, त्याला आलं की सासरचा. जो आधी सांगेल त्याने पडून राहायचं, दुसऱ्याने त्या दिवसाचा गाडा ओढायचा. या एका नियमावर त्यांचा संसार टिकून होता. आणि हिच्या छातीवर तर माहेरचा परवापासूनच ठाण मांडून बसलेला. सकाळी सांगू, सकाळी सांगू, करत राहिली बिचारी.

ती उठली. पडदे सारले, त्याच्या गोळ्या आणि पाणी उशाशी ठेवलं, त्याचं घड्याळांचं दुकान आज उघडणार नाही म्हणून शेजारच्या दुकानदाराला फोन केला. ओट्याशी आली आणि तिथेच थिजली. गॅस पेटवला खरा, पण त्यावर भांडं ठेवायचं असतं हे काही केल्या सुचेना. आत त्याला शंका यायला नको म्हणून ती गुणगुणायला लागली.

तोच तो धावत आला. ज्याला मान उचलवत नव्हती तो माणूस, अनवाणी, पांढराफटक.

"गाऊ नकोस," तो म्हणाला. "मागे अशीच गात होतीस, आणि संध्याकाळी मी तुला गच्चीच्या कठड्यावरून उतरवलं."

तिचा बांध फुटला. माझाही आलाय, परवापासून, एवढं ती हुंदक्यांत कसंबसं बोलली. त्याने गॅस बंद केला. दोघं फरशीवरच बसून राहिले. आता कोणी कोणाला सांभाळायचं? नियमात हे कुठे बसतच नव्हतं. ती मनातून घाबरली.

थोड्या वेळाने तो उठला आणि खिळ्यावरची गच्चीची किल्ली काढून खिशात टाकू लागला. तिने त्याचं मनगट धरलं.

"तुझ्याकडेही नको."

त्याने किल्ली तिच्यापुढे धरली, आणि दोघं दाराकडे निघाले.

समोरच्या काकूंनी दार उघडलं तर दोघं तशीच पारोशी उभी. बाहेरगावी निघालात की काय, काकूंनी विचारलं.

"नाही हो काकू, राहायचंय आम्हाला," ती म्हणाली आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "आमच्यापैकी कोणीही मागितली तरी देऊ नका."