कुणाचं नाव घ्यायचं नाही

दालचिनीचे पाव बैठकीच्या टेबलावर आले आणि इल्वाचं डोकं सणकलं. एक म्हातारा सकाळभर न्हाणीघराच्या फरशीवर पडून होता, मांडीचं हाड मोडून, आणि इथे पाव!

"नियम माहीत आहेच सगळ्यांना," गुनेल म्हणाली. स्वीडनमधल्या योटेबोर्गच्या त्या छोट्या कंपनीची ती प्रमुख. "चूक शोधायची, माणूस नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही."

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात या कंपनीचं बटण असे. दाबलं की नर्सच्या फोनवर घंटा वाजे. ती घंटा बंद करणारी मेथड, म्हणजे प्रोग्राममधला हुकूम, इल्वाने लिहिताना मुद्दाम खोल ठेवली होती. प्रोग्रामच्या 'घंटा' या भागाच्या, मोड्यूलच्या पोटात 'भेट' मोड्यूल, त्याच्या पोटात ती मेथड, आणि तीही खाजगी, बाहेरच्या कुणी न वापरायची. नर्स घरी पोचल्याशिवाय 'भेट' तिला हाक मारत नसे. पण रूबी ही प्रोग्रामिंगची भाषाच भोळी. मागच्या दाराने गेलं तर खाजगी मेथडही मुकाट्याने ओ देते. तिचा सहकारी याल्मार तसाच गेला. नव्या बटणांच्या चाचणीत कलकलाट नको, एवढ्यासाठी. मग चाचणीची ती ओळ तशीच खऱ्या कामात शिरली आणि म्हाताऱ्याची घंटा वाजलीच नाही.

"एक शॉर्टकट घेतला गेला," याल्मार पाव मोडत म्हणाला.

"घेतला गेला? कुणी घेतला, भुताने?"

"इल्वा!" गुनेलने दटावलं.

"खरं सांगू का?" याल्मार म्हणाला. "तू ती इतकी आत कोंबलीस म्हणून ही वेळ आली. सगळ्यांना खुली असती, तर मागच्या दाराने कशाला जावं लागलं असतं कुणाला?"

टेबलाभोवती माना डोलल्या. गुनेलने फळ्यावर लिहिलं, 'मेथड सर्वांना खुली करणे'.

इल्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने गुनेलच्या हातातलं पेन जवळजवळ हिसकावलंच आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'बर्तिल ओकेसन'.

"हा कोण?" याल्मारने विचारलं.

"हा कोण! अरे, बटण दाबत पडला होता तो. अँब्युलन्सवाले आले तेव्हाही त्याचा अंगठा बटणावरच होता."

गुनेलने डस्टर उचललं.

"इल्वा, इथे आपण नावं लिहीत नाही," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, आणि म्हाताऱ्याचं नाव पुसलं. वरची ओळ तिने तशीच ठेवली.