डावा पंख

विमानाच्या पंखातून पुन्हा ‘टक’ असा आवाज आला आणि सुकलालने रंगाची गन खाली केली.

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. वखारीत एकदम सामसूम झाली. आवाज उंदराचा नव्हता, छपराच्या पत्र्याचाही नव्हता. तो डाव्या पंखाच्या पोटातून आला होता. वरचा पिवळ्या रंगाचा चौथा हात अजून ओला होता.

सुकलालने सुरतेत शेकड्याने ट्रक रंगवले होते. ट्रक कधी असा बोलला नव्हता. पण हे विमान, आणि तेही कापडाचं. अडुसष्टच्या पुरानंतर तीन वर्षं खपून रुस्तमशेठनी ते कामरेजच्या या वखारीत स्वतः बनवलं होतं. हौसेला मोल नसतं हे खरं, पण आता गाठ जिवाशी होती. रविवारी सकाळी मागच्या माळावरून शेठ एकटेच त्यात बसून उडणार होते.

सांगाड्याचं लाकूड शेठनी आपल्या हाताने सरस लावून चिकटवलं, सुताराला जवळ फिरकू दिलं नाही. पंखावर कापड ताणून ते आतल्या फासळ्यांना शिवायचं काम मात्र सुकलालच्या बायकोला मिळालं. सुरतेतल्या खानदेशी लोकांच्या अख्ख्या लिंबायत वस्तीत अंजनाबाईसारखी गोधडी शिवणारी दुसरी नव्हती. शिवलेल्या कापडावर डोप नावाचा उग्र वासाचा रंग मारायचा. तो वाळता वाळता कापडाला आवळत जातो, ढोलकीच्या कातड्यासारखं. डावा पंख कालपासून आवळत चालला होता आणि कालपासूनच आतून काहीतरी सुटत होतं. दुसरं काय सुटणार? दोराच.

अंजनाबाई कोपऱ्यात बसून उरलेल्या कापडाचे तुकडे गोळा करत होती. तिला त्यांची गोधडी करायची होती.

“समद्या गाठी मार्‍यात ना तू?” सुकलालने विचारलं.

“मार्‍यात ना. ह्या पंखनी शेवटली सोडीसन.”

“सोडीसन?”

“शेवटली गाठ मारानी नही. मारी का पांघरनारनं आयुष्य तठेच बांधाई जास. मन्ही माय सांगे. शेठ भला मानूस शे.”

सुकलालच्या तोंडचं पाणी पळालं. तिने विमान गोधडीसारखं शिवलं होतं. तेही शेठना उदंड आयुष्य मिळावं म्हणून!

बोलावं तर बायकोचं नाव साऱ्या लिंबायतमध्ये बद्दू होणार. पंख पुन्हा उघडावा लागणार, इतक्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडणार. न बोलावं तर? अजून एक हात मारला की वरून काही दिसणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याच्या मनाने त्याला सांगून पाहिलं आणि क्षणभर त्याला ते पटलंही. मग पुन्हा ‘टक’ झालं. त्याला स्वतःची लाज वाटली.

चारच्या सुमाराला शेठ आले. सुकलालने हात जोडले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

“गोधडी?” शेठ लालबुंद झाले. “मेरा प्लेन तेरे को गोधडी लगता है?”

त्यांनी पंखावर बोट वाजवलं. कापड खणखणीत बोललं.

“एक गाठ से कुछ नहीं होता. पाँचवाँ हात मार.”

रविवारी अर्धी सुरत बघायला येणार होती. शेठचा चेहराच सांगत होता की विषय संपला. सुकलालने मान खाली घातली. गन उचलली. माणूस मरणार हे ठाऊक असून रंग मारायचा, असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता.

अंजनाबाई उठली. रंग खरवडायचं पातं तिने उचललं आणि सरळ पंखापाशी गेली.

“मन्हा हातनं काम शे,” ती म्हणाली. “मीच उसवसू.”

शेठ ओरडत धावले. सुकलाल मध्ये आडवा आला. तोवर तिने पातं खुपसलं होतं. ताणलेलं कापड फर्रकन फाटत फासळीपर्यंत गेलं.

आत तिचा शेवटचा टाका होता. दोऱ्याचं टोक सुटं लोंबत होतं. पण मेण लावलेला तो दोरा आपल्या जागेवरून तसूभरही सरकला नव्हता. बाकीच्या गाठी दगडासारख्या घट्ट होत्या. अंजनाबाईने एकेक चाचपून पाहिली. सुकलालला काही कळेना.

तेवढ्यात ‘टक’ झालं, आणि या खेपेला तिघांनीही पाहिलं. पंखाच्या लांबीभर जाणारी मोठी दांडी दोन तुकडे चिकटवून केली होती. त्या जोडाचं तोंड उघडलं होतं आणि डोळ्यांदेखत केसभर आणखी उघडलं.

अंजनाबाईने पदराला टोचलेली सुई काढून त्या फटीत घातली. सुई नेढ्यापर्यंत आत गेली.

शेठ गुडघ्यांवर बसले. त्यांनी त्या जोडावरून अंगठा फिरवला. वाळलेल्या सरसाची खपली सुटून त्यांच्या नखात आली. ते घाबरले होते, आणि ते लपवायची ताकदही त्यांच्यात उरली नव्हती.

मग त्यांनी मान वळवली. पलीकडे उजवा पंख होता, त्यांनीच त्याच सरसाने जोडलेला. कोरडा, चकचकीत. इतक्या दिवसांत त्यातून एकदाही आवाज आला नव्हता.

“अंजनाबाई,” शेठ म्हणाले, “अब वो दूसरा भी काटो.”