पांढऱ्या भोंग्याची फांदी

“पहिल्यांदा लावतेस ना, मग पांढराच ने,” राधाबाई म्हणाल्या. “पिवळ्याचे लाड फार करावे लागतात. गुलाबी दिसतो छान, पण त्याला वास नाही. पांढऱ्याची फांदी चिखलात खुपसली तरी जगते. अन् संध्याकाळी घरभर वास.”

हेमलता मान हलवत होती. राधाबाईंच्या क्वार्टरमागे तिन्ही झाडं एका ओळीत उभी होती. धतुऱ्याचीच जात, पण उंच, आणि फुलं वीतभर लांब, तोंड जमिनीकडे करून लोंबणारी. कॉलनीत त्यांना भोंगे म्हणत.

पासष्ट सालचा सप्टेंबर होता. सरहद्दीवर लढाई पेटली होती आणि जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या. खिडक्यांना काळे कागद डकवलेले. सूर्य मावळला की अख्खी कॉलनी अंधारात बुडे. हेमलताच्या नवऱ्याला, श्रीरंगला, येत्या सोमवारपासून बारूद भरायच्या शेडमध्ये टाकणार होते.

असल्याच एका शेडमध्ये बासष्टच्या लढाईत अकरा माणसं जळून गेली होती. बारावे असते राधाबाईंचे यजमान, अण्णा. ते त्या शेडचे मुकादम. ते वाचले, कारण त्या दिवशी ते घरी होते. राधाबाईंना सकाळीच काहीतरी वाईट जाणवलं, त्यांनी चहात भोंग्याची पानं टाकली आणि अण्णांना खाटेवरून उठताच आलं नाही, असं कॉलनीतली प्रत्येक बाई सांगे. जीव वाचला, डोकं मात्र गेलं. हळदीकुंकवाला बाया आधी राधाबाईंच्या पाया पडत.

आताही अण्णा मागच्या ओसरीवर बसून हजेरी घेत होते.

“अंबादास.”

कुणी ‘हाजिर’ म्हणेल एवढा वेळ ते थांबत, मान हलवत आणि पुढचं नाव घेत.

“पुंडलिक. दिवाकर.”

हेमलता नकळत मोजू लागली. अकरा नावं झाली. बारावं त्यांनी स्वतःचंच घेतलं. थांबले. मान हलली नाही. पुन्हा अंबादासपासून सुरुवात झाली.

उजेड उतरत होता तसा वास चढत होता. गोड, दाट, कुणी पाठीमागे येऊन उभं राहावं तसा.

राधाबाईंनी विळ्यानं एक फांदी कापली आणि तिची पानं ओरबाडायला सुरुवात केली.

“पानं राहू द्या ना, काकू,” हेमलता म्हणाली.

राधाबाईंचा हात थांबला. “काहून? लावायला पानं लागत नाहीत.”

हेमलतानं चार पानं उचलून मुठीत धरली. “सोमवारी त्यांना शेडमध्ये टाकून राहिले. परवापासून मला झोप नाही. तुम्ही अण्णांना वाचवलं तसंच. दोन-चार दिवस उठले नाहीत तर दुसऱ्या कुणाला घेतील. किती टाकायची, तेवढं सांगा.”

राधाबाईंनी ओसरीकडे पाहिलं. तिथे पुंडलिकचं नाव चाललं होतं. त्या हेमलताच्या इतक्या जवळ आल्या की त्यांच्या तोंडातल्या सुपारीचा वास आला.

“मला काही जाणवलं-बिणवलं नव्हतं, बेटा. आदल्या दिवशी यांनी मला पट्ट्यानं मारलं होतं. ते काही नवीन नव्हतं. सोळा वर्षं चाललं होतं. सकाळी मी हाताला आली तेवढी पानं उकळली. वाचवायला नाही.”

“मेले नाहीत. भिंतीवर साप दिसतात म्हणून ओरडत राहिले. ते ऐकून शेजारणी आल्या, चहाच्या भांड्यातली पानं त्यांनी पाहिली. साडेदहाला तिकडे धमाका झाला. अन् दुपारी बाया आल्या माझे पाय धरायला. त्यातल्या काहींचे नवरे सकाळीच गेले होते. त्या रडून राहिल्या होत्या अन् म्हणत होत्या, राधाबाई, तुम्हाला कळलं, आम्हाला नाही कळलं. मी त्यांना काय सांगणार होते? गप्प बसले. तीन वर्षं गप्प आहे.”

“मला काहून सांगितलं मग?”

“तू पानं उचललीस म्हणून.” राधाबाईंनी तिची मूठ उघडली, एकेक पान काढून घेतलं. “किती टाकली की माणूस झोपतो अन् किती टाकली की असा होतो, मला माहीत नाही. कुणालाच नाही. घरी जा. भीती वाटते हे श्रीरंगला तोंडानं सांग.”

उघडी फांदी त्यांनी हेमलताच्या हातात दिली. हेमलतानं ती क्षणभर धरली आणि भिंतीला टेकवून ठेवली. तळवा पदराला पुसला, पुन्हा पुसला.

“अण्णांना माहीत आहे?” तिनं विचारलं.

राधाबाई आत गेल्या आणि अण्णांचा चहा घेऊन ओसरीवर आल्या.

हजेरी थांबली. अण्णांनी कपाला हात लावला नाही. त्यांनी फक्त हनुवटी वर केली. राधाबाईंनी उभ्याउभ्याच पहिला घोट स्वतः घेतला. अण्णा त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. घोट खाली उतरला. तरी ते बघतच होते. अंगणात आता फक्त पांढरी फुलं तेवढी दिसत होती.

मग अण्णांनी कप घेतला, हेमलताकडे वळून पाहिलं आणि डोकं पूर्ण ठिकाणावर असलेल्या माणसाच्या शांत आवाजात म्हणाले, “आज काही टाकलं नाही हिनं.”