चौदा नंबरची डबी

"मॅडम, चौदा नंबर गेली!"

दाई सूक्ष्मदर्शकावरून उठत ओरडली. रंग टाकला की जिवंत पेशी हिरव्या दिसत, मेलेल्या लाल. डबीच्या दोन खणांपैकी गाठीच्या खणात नुसतं लालच लाल होतं.

दाई हे तिला प्रयोगशाळेनं चिकटवलेलं नाव. रुग्ण बायकांच्या स्तनातल्या गाठीचा कण डबीतल्या जेलीसारख्या गरात मुगाएवढा वाढवायचा आणि बाईला द्यायचं औषध आधी त्या दाण्याला देऊन बघायचं, हे तिथलं काम. दाण्यांचं खाणंपिणं दाईकडे. हयगयीनं ज्याची डबी मरेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असा रिवाज होता. दोन वर्षं दाई फुकटचाच चहा पीत आली होती.

काम मॅडमनीच शिकवलं होतं. हातमोजे घाल, श्वास रोखून ओत, आणि स्वतःच्या पेशींना कधी हात लावू नकोस. चुकून टोचल्या तर शरीर त्यांना आपलंच समजून आसरा देतं. "माझ्या कशाला येतायत इथं!" म्हणून दाई तेव्हा हसली होती.

डब्यांवर नावं नसत. चौदा नंबरची बाई कोण, हे दाईला ठाऊक नव्हतं. पण तीन औषधं वाया गेली होती, आता चौथं चालू होतं आणि गाठीचा हा शेवटचा तुकडा होता. त्या न पाहिलेल्या बाईवर दाईचा जीव जडला होता. मॅडम एरवी प्रत्येक डबीत नाक खुपसायच्या, या डबीला मात्र त्यांनी बोट लावलं नव्हतं. मध्येच रजेवर जायच्या आणि आल्या की लांबूनच विचारायच्या, "जेवली का गं चौदा नंबर?" दाईला त्याचा भारी राग यायचा.

"माझंच चुकलं," दाई आता रडत म्हणाली. "काल लेकीला ताप होता. घाईत डबी बाहेर जास्त राहिली असणार. कुठल्या तोंडानं सांगायचं त्या बाईला?"

"शेजारचा खण बघितलास?"

शेजारी त्याच बाईच्या निरोगी पेशी होत्या. गर तोच, खाणं तेच, औषधही तेच. दाईनं वाकून पाहिलं. सगळं हिरवंगार होतं.

"तुझी चूक असती तर दोन्ही मेल्या असत्या." मॅडम म्हणाल्या. "औषध लागू पडलंय, दाई. फार उपकार झाले तुझे. आजचा चहा माझ्याकडून."

दाईला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. तिनं डबी पुढे केली. "मग आता तरी घ्या की हातात! इतके महिने बिचारीला शिवलासुद्धा नाहीत."

मॅडमनी दोन्ही हात पाठीमागे नेले. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना तुला? स्वतःच्या पेशींना हात लावायचा नाही."