अहवालावरची सही

यंत्राने मालवणच्या खडकांवरचे सगळे जीव जनुकांवरून अर्ध्या तासात तपासले आणि एकातही औषधी रसायन नाही, असा निर्वाळा दिला. आता खडक फोडून बंदराचा धक्का बांधायला फक्त डॉ. रेवती खवणेकरांची सही हवी होती. तीस वर्षं त्या इथल्याच समुद्री स्पंजांतली औषधी रसायनं शोधत आल्या होत्या.

"मॅडम, नुसती औपचारिकता आहे," बंदर प्रकल्पाचे संचालक म्हणाले.

बाईंनी प्रयोगशाळेच्या टाकीतला पिवळा स्पंज नखाने खरवडला. खोलीत उग्र वास पसरला.

"हे रसायन स्पंजातल्या जिवाणूंचं आहे. तुमच्या यंत्राने त्यांना कचरा समजून गाळून टाकलं."

संचालकांनी नाकाला रुमाल लावला. "पण अहवाल वरून मंजूर झालाय."

"मग सहीही यंत्राचीच घ्या."

बाईंनी ते बोट अहवालाला पुसलं आणि कागद सही न करताच परत दिला.