खालचा गट

प्रोग्रामिंगच्या आंतरशालेय स्पर्धेतला पहिला प्रश्न वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिलेल्या दोन संख्यांपैकी मोठी कोणती ते सांगणारा प्रोग्राम लिहा. असले प्रोग्राम ती सहावीत लिहीत होती. आता दहावी संपत आली होती. स्क्रीनवर तिच्या नावाखाली लिहिलं होतं: नवशिक्यांचा गट.

ती तडक दाराशी गेली. तिच्या शाळेचे कॉम्प्युटरचे सर बाहेर उभेच होते.

"सर, मला खालच्या गटात कुणी घातलं?"

"मीच." सरांनी आवाज खाली आणला. "वरच्या गटात तुझा फार तर आठवा-दहावा नंबर येईल. इथे पहिल्या नंबराची ढाल आपलीच. मुख्याध्यापकांना शब्द दिलाय मी."

"पण राज्याच्या प्रशिक्षण शिबिराला वरच्या गटातूनच निवडतात. माझं शेवटचं वर्ष आहे, सर."

"कधीतरी शाळेचाही विचार करावा. जा, अर्ध्या तासात उरकून ये."

ती जागेवर आली. शेजारी दोन वेण्यांची एक चिमुरडी बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिचं पहिलं उत्तर बरोबर आलं, स्क्रीन हिरवी झाली, आणि तिने तोंडावर हात धरून हसू दाबलं. हिची ढाल हिसकावायला सरांनी आपल्याला इथे आणून बसवलंय.

ती उठून पर्यवेक्षक बाईंकडे गेली.

"बाई, वरच्या गटाचे प्रश्न मिळतील?"

"गट आता बदलता येणार नाही. गुणही धरणार नाहीत."

"नकोत मला."

बाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कागद दिला.

मग ती होती आणि ते पाच प्रश्न होते. सरांनी काचेवर दोनदा टकटक केली, हातवारे केले. तिने मान वर केली नाही.

वेळ संपली तसे सर तणतणत आत आले. "शून्य? ही एवढीशी पोर पहिली आली आणि तू शून्य? झोपली होतीस का?"

तिने प्रश्नांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत.

"वरच्या गटाचे चार सुटले, सर. पाचवा अडलाय. तेवढा समजावून सांगा."

सरांनी कागदाला हातही लावला नाही. ते तिच्या स्क्रीनवरचं शून्य बघत होते.