उलटं डाळिंब

“हे एक तेवढं सरळ करायचंय,” ओदिल म्हणाली. “बाकी कशालाही हात लावू नका.”

आन्सेल्म त्रुबाने पुस्तक खिडकीपाशी नेलं. बकरीचं लाल चामडं, साल १७४८. दोन्ही पुठ्ठ्यांच्या कडेने सोन्याची डाळिंबं, एकाला लागून एक, सगळ्यांचे देठ वर. मागच्या पुठ्ठ्यावर, उजव्या कोपऱ्यात, खालून तिसरं मात्र उलटं.

कार्ड २१२
कार्यशाळा: देलोनुआ, पॅरिस. देठाला चीर असलेला ठसा त्यांचाच.
कारागीर: अज्ञात.
सही: नाही.
दोष: एक डाळिंब उलटं. निष्काळजीपणा.

कार्ड ओदिल साराझाकच्याच हातचं. लिलावघरात सदतीस वर्षं ती हेच करत आली होती. जुन्या पुस्तकाच्या बांधणीवर पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल घासून नक्षी उतरवायची आणि खोक्यातल्या कार्डांशी ताडून पाहायची. कुठे पाकळी तुटकी, कुठे देठ चिरलेला. त्यावरून ठसा कुठल्या कार्यशाळेचा, ते कळे. तो चालवणारा हात कुणाचा, ते कधीच कळत नसे.

एका हाताने तर तिला झपाटलं होतं. तीन वेगवेगळ्या कार्यशाळांच्या पुस्तकांवर तो तिला दिसल्यासारखा वाटे. तसाच हलका, तसाच ठाम. पण ‘वाटतं’ असं कॅटलॉगमध्ये लिहिता येत नाही. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती. हा तिचा शेवटचा कॅटलॉग.

“पुस्तक ज्यांचं आहे त्यांना दोष नकोय,” ती म्हणाली. “सोमवारी फोटो आहेत.”

त्रुबा चौऱ्याऐंशी वर्षांचा. पुस्तकांवर सोन्याची नक्षी उमटवणारे त्याचे हात अजून स्थिर होते. त्याने भिंग लावलं. कडेकडेने एकेक डाळिंब पाहत गेला. मग खांदे हलवत हसू लागला.

“काय झालं, मस्यू त्रुबा?”

“एका दाबात उमटवलंय हो प्रत्येक. दुसऱ्यांदा टेकवलेलं कुठे दिसत नाही. अडीचशे डाळिंबं, आणि एकही केसभर सरकलेलं नाही. वा रे पठ्ठ्या!”

“एक सोडून.”

“मादाम, तुम्ही हजारो ठसे कागदावर उतरवलेत. एक तरी कधी हातात धरलाय?”

तिने कधीच धरला नव्हता.

त्याने शेगडीवरून एक पितळी ठसा उचलला आणि ओल्या फडक्यावर टेकवला. चर्र झालं. मग लाकडी मुठीकडून तो तिच्या हातात दिला. “अंगठा कुठे बसला?”

“इथे खाच आहे. खाचेत.”

“खाच म्हणजे ठशाची वरची बाजू. शिकाऊ पोर पहिल्या आठवड्यात हेच शिकतं. नंतर आंधळं झालं तरी त्याच्या हातून ठसा उलटा पडायचा नाही. उलटा पाडायचा, तर मुठीत फिरवून घ्यावा लागतो. मुद्दाम.”

“मुद्दाम कोण कशाला करेल?”

“पुस्तकावर चिठ्ठी कुणाच्या नावाची? कार्यशाळेच्या धन्याच्या. सोनं लावणाऱ्याला मजुरी मिळते, नाव नाही. मग त्याने काय करावं?” त्रुबाने आवाज खाली आणला. “मीपण करायचो. चाळीस वर्षं केलं. धन्याला कळलं असतं तर उभा सोलला असता मला.”

“तुम्ही? कुठे?”

“शोधा की! कामच आहे तुमचं.” त्याने भिंग पुसलं. “सापडलं होतं म्हणा एकदा. तुमच्याच लिलावघरात कुणी नवी पोरगी आली होती. नजर घारीची! दोष आहे म्हणून पुस्तक परत पाठवलं तिने. धनी महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी मात्र घरी जाऊन ठेवणीतली बाटली फोडली. म्हटलं, चला, कुणीतरी बघितलं!”

त्याने पुस्तक मिटून तिच्यापुढे सरकवलं.

“हे मी सरळ करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत, तर या दारात पाऊल टाकू नका.”

ओदिल पुस्तक घेऊन लिलावघरात परतली. खोकी जमिनीवर उपडी केली. एरवी ती कार्डं ठशावरून लावायची. आज तिने फक्त शेवटची ओळ वाचली. ती ओळ आजवर किंमत पाडण्यापुरतीच कामाला यायची.

कार्ड ३१. दोष: मागचा पुठ्ठा, उजवा कोपरा, खालून तिसरं फूल उलटं.

कार्ड ८८. दोष: मागचा पुठ्ठा, उजवा कोपरा, खालून तिसरा पक्षी उलटा.

कार्ड १४०. दोष: मागचा पुठ्ठा, उजवा

ती पुढचं वाचायला थांबली नाही. दुपारपर्यंत अकरा कार्डं निघाली. कार्यशाळा तीन. हात एक.

लिलावघराच्या साहेबांचा फोन आला. “काय म्हणतो म्हातारा? होतोय का दोष दुरुस्त?”

“दोष नाहीये,” ओदिल म्हणाली. “तसंच छापायचं. मजकूर मी लिहिते.”

फोन ठेवला तेव्हा एका खोक्याच्या तळाला चिकटून एक कार्ड उरलेलं दिसलं. पिवळं पडलेलं. अक्षर गोल, नव्या नोकरीतलं, जपून काढलेलं. तिचंच.

कार्ड ४. सन १९७९.
आधुनिक बांधणी.
कारागीर: अज्ञात.
सही: नाही.
दोष: एक मधमाशी उलटी. परत पाठवावे.

ओदिलने दोषाची ओळ खोडली. सहीपुढचं ‘नाही’ खोडून ‘आहे’ लिहिलं. मग ‘अज्ञात’ खोडलं, आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या ओळीत एका माणसाचं नाव लिहिलं.

कारागीर: आन्सेल्म त्रुबा.